थांबायची जागा

जानेवारीत मुंबई मॅरेथॉनच्या सकाळी पेडर रोडच्या चढावर उभं राहिलं की एकच वाक्य सतत कानावर पडतं : ‘थांबू नका, आता थोडंच राहिलंय!’ आजूबाजूच्या इमारतींतली माणसं संत्र्याच्या फोडी आणि चिक्की घेऊन रस्त्यावर उतरलेली असतात, कुठेतरी ताशा वाजत असतो. पूर्ण मॅरेथॉन धावणाऱ्याच्या पायांत इथवर पस्तीसेक किलोमीटर मुरलेले असतात, पोटरीत गोळे येत असतात, घामाचं मीठ सुकून बनियन पांढरी पडलेली असते. हे वाक्य मी याच चढावर उभा राहून ओरडलो आहे आणि धावताना ऐकलंही आहे. म्हणणारा ते प्रेमानेच म्हणतो. पण हौशी धावपटूंच्या आजारपणांबद्दल आणि मृत्यूंबद्दल वाचायला लागल्यापासून ते माझ्या तोंडून निघत नाही. शर्यतीत हृदय बंद पडण्याचे प्रसंग सर्वाधिक घडतात ते अंतराच्या शेवटच्या पाव हिश्श्यात. नेमक्या त्याच टप्प्यात आपण कोणाला थांबू देत नाही.

याबाबतचे सर्वांत मोठे अभ्यास अमेरिकेतले आहेत. २००० ते २०१० या काळात तिथल्या मॅरेथॉन आणि अर्ध मॅरेथॉन शर्यतींत सुमारे १ कोटी ९ लाख माणसं धावली. त्यांपैकी ५९ जणांचं हृदय शर्यतीत किंवा शर्यत संपताच बंद पडलं आणि ४२ जण दगावले. या ५९ जणांचं सरासरी वय ४२ होतं आणि त्यांतले ५१ पुरुष होते. पुढचा अभ्यास २०१० ते २०२३ चा. त्यात २ कोटी ९३ लाखांच्या आसपास माणसांनी शर्यत पूर्ण केली, १७६ जणांचं हृदय बंद पडलं, ५९ दगावले. म्हणजे हृदय बंद पडण्याचं प्रमाण जवळजवळ तेच राहिलं, लाखात एकापेक्षाही कमी. पण त्यातून न वाचणाऱ्यांचं प्रमाण ७१ टक्क्यांवरून ३४ टक्क्यांवर आलं. या बदलाकडे शेवटी पुन्हा येऊ, कारण त्यात आपल्याला करता येण्यासारखं बरंच काही आहे.

हे आकडे वाचून कोणी बूट माळ्यावर टाकू नयेत. न धावण्याचा धोका याहून कितीतरी मोठा आहे. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीनुसार भारतातली जवळपास निम्मी प्रौढ माणसं आरोग्याला आवश्यक तेवढी हालचालही करत नाहीत. आठवड्याला दीडशे मिनिटं भराभर चालणं, एवढीच ती अपेक्षा आहे आणि तीही पुरी होत नाही. तेव्हा घराबाहेर पडणाऱ्या माणसाला घाबरवून पुन्हा सोफ्यावर बसवावं, हा या लेखाचा हेतू नाही. प्रश्न त्यापुढच्या माणसाचा आहे : जो दहा किलोमीटरवरून एकवीसवर, एकवीसवरून बेचाळीसवर गेला आहे आणि आता नव्वदची भाषा करतो आहे.

आपल्याकडे हा माणूस बहुतेकदा चाळिशीत सुरुवात करतो. कोणाची साखर वाढलेली निघते, कोणाच्या मित्राला झटका येतो, कोणी सोसायटीतल्या गटाबरोबर सहज जातो आणि मग सुटत नाही. इथे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. ५२ देशांतल्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचं सरासरी वय दक्षिण आशियाई लोकांत ५३, तर इतरत्र ५८.८ असं आढळलं. म्हणजे हे दुखणं आपल्याकडे पाच-सहा वर्षं आधीच दारात येतं. पंधरा-वीस वर्षं रक्तवाहिन्यांत साठत आलेलं दोन वर्षांच्या धावण्याने धुऊन निघत नाही. ‘मी एकवीस धावतो, मला काय होणार?’ हा समज मला सर्वांत घातक वाटतो. जिना चढताना छातीत दडपल्यासारखं झालं की न धावणारा माणूस घाबरतो आणि डॉक्टरकडे जातो. धावणारा म्हणतो, गॅस झाला असेल. ओवा खातो, सोडा पितो आणि रविवारी तीस किलोमीटर धावायला जातो. स्ट्रेस टेस्ट चांगली आली म्हणजे जन्मभराचा दाखला मिळाला, असंही नाही. ती त्या दिवसापुरतं सांगते, आणि तेही सगळं सांगत नाही. घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झालेला असेल, तर ते धावगटाला नव्हे, डॉक्टरला सांगायचं असतं.

हृदयाचा धोका जिवावरचा असला तरी विरळा आहे. बाकीच्या दुखण्यांनी दवाखान्याची पायरी चढणारे फार जास्त. त्यांतली तीन दुखणी एकत्र पाहिली की मर्यादेच्या प्रश्नाचं खरं स्वरूप कळतं, म्हणून त्यांच्यापाशी जरा थांबतो.

पहिलं उष्माघात. स्नायू काम करतात तेव्हा उष्णता निर्माण होते आणि घाम उडून गेला तरच अंग गार होतं. दमट हवेत घाम उडत नाही, नुसता निथळतो. म्हणून किनारपट्टीवरच्या शर्यती पहाटे अंधारात सुरू कराव्या लागतात. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सियसच्या वर गेलं की माणूस अडखळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो. उपाय एकच : त्याला ताबडतोब, शक्य तर बर्फाच्या पाण्यात गार करायचं आणि नंतर रुग्णालयात न्यायचं. हा क्रम उलटला तर मोलाची मिनिटं वाया जातात.

दुसरं दुखणं याच्या अगदी उलट दिशेने येतं, आणि म्हणून धावणाऱ्यांना ते पटत नाही. ते म्हणजे जास्त पाणी प्यायल्याने रक्तातलं सोडियम उतरणं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये एका तरुण धावपटूचा असा मृत्यू झाला. त्याच शर्यतीत ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं. त्यांतल्या १३ टक्के लोकांचं सोडियम उतरलेलं निघालं आणि तिघांचं जिवावर बेतण्याइतकं कमी होतं. ज्यांचं वजन शर्यतीत वाढलं आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला, त्यांत हे प्रमाण अधिक होतं. म्हणजे विजेते नव्हेत, तर आपल्यासारखे मागचे, प्रत्येक टेबलापाशी दोन-दोन पेले रिचवणारे. तहान लागेल तसं प्यावं, हा साधा नियम. तहानेआधी पीत राहा, हा सल्ला आपल्या धावगटांत अजून दिला जातो. तो थांबला पाहिजे. शर्यतीच्या आधी वेदनाशामक गोळी घेण्याची सवयही याच पंक्तीत बसते. कोरड्या पडलेल्या शरीरात ती मूत्रपिंडावर भार टाकते, आणि जी वेदना इशारा द्यायला आलेली असते तिचंच तोंड बंद करते.

तिसरं दुखणं उंचीवरचं : विरळ हवेत मेंदूला प्राणवायू कमी पडणं. ते गिर्यारोहकांना ठाऊक आहे आणि आता लडाखमध्ये धावायला जाणाऱ्या आपल्याकडच्या धावपटूंनाही ठाऊक व्हायला हवं.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. तिन्ही दुखण्यांत माणसाची विचारशक्ती लवकर गढुळते. थांबायचं की नाही हे ज्या मेंदूने ठरवायचं, तोच बिघडलेला असतो. ‘शरीराचं ऐका’ हा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण ऐकणाराच भानावर नसेल तर काय? एका अर्ध मॅरेथॉनमध्ये सतराव्या किलोमीटरला माझ्या शेजारी धावणाऱ्या मैत्रिणीने मला माझ्या घराचा मजला विचारला. मी चुकीचा सांगितला, आणि वर ठामपणे सांगितला. तिने मला दंडाला धरून सावलीत बसवलं. मला तेव्हा तिचा राग आला होता. मी उत्तम धावतो आहे असंच मला वाटत होतं.

१९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये महिलांची मॅरेथॉन पहिल्यांदा झाली. त्यात स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस स्टेडियममध्ये शिरली तेव्हा तिचं अंग एका बाजूला वाकलेलं होतं, एक पाय ओढत होता. शेवटची फेरी पुरी करायला तिला पाच मिनिटांहून जास्त वेळ लागला. प्रेक्षक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ते दृश्य आजही जिद्दीचं उदाहरण म्हणून दाखवलं जातं. त्यातली महत्त्वाची बाजू मात्र सांगायची राहते. तिच्या बाजूने वैद्यकीय मंडळी चालत होती. तिला अजून घाम येतो आहे, म्हणजे अंग गार करण्याची व्यवस्था पूर्ण ढासळलेली नाही, हे पाहून त्यांनी तिला पुढे जाऊ दिलं. निर्णय तिच्या जिद्दीवर सोडलेला नव्हता.

जिद्द हा शब्द आपल्याला फार प्रिय आहे. शाळेच्या फळ्यापासून सत्कार समारंभापर्यंत तो सगळीकडे असतो. उलट थांबणाऱ्यासाठी मराठीत काय काय आहे पाहा : कच खाल्ली, नांगी टाकली, शेपूट घातली, हात टेकले. विचार करून थांबलेल्या माणसासाठी मानाचा एक शब्द चटकन सापडत नाही. मैदानातून बाहेर पडणाऱ्याच्या मनात हीच भाषा घोळत असते.

आपल्या मातीत मर्यादेचं शहाणपण नव्हतं असं मात्र नाही. कोल्हापूरच्या तालमींत ते वस्तादाच्या रूपाने उभं असायचं. पोराने किती जोर मारायचे, किती बैठका काढायच्या, आज कोणाशी जोड द्यायची आणि कोणाशी नाही, हे वस्ताद ठरवायचा. मेहनतीइतकंच महत्त्व खुराकाला, मालिशीला आणि दुपारच्या झोपेला. ‘आज हौदात उतरू नको’ असं वस्तादाने सांगितलं की पैलवानाला त्यात कमीपणा वाटत नसे, कारण निर्णय त्याचा नव्हताच. या व्यवस्थेत दोषही होते. वस्ताद चुकला तर विचारणारं कोणी नव्हतं. पण पोराच्या ईर्ष्येपासून पोराचं शरीर राखणारा कोणीतरी होता. आता हौशी खेळाडूच्या मनगटावर घड्याळ असतं. ते नाडी मोजतं, झोप मोजतं, आणि आकडे वाईट आले तरी त्याला अडवू शकत नाही.

वस्तादाची जागा वजनकाट्याने घेतली की काय होतं, ते साऱ्या देशाने ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये पाहिलं. विनेश फोगाटने एका दिवसात तीन कुस्त्या जिंकून ५० किलो गटाची अंतिम फेरी गाठली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती १०० ग्रॅम जास्त भरली आणि अपात्र ठरली. त्याआधीची रात्र तिने वजन उतरवण्यात काढली होती. केससुद्धा कापले होते. चर्चा झाली ती त्या १०० ग्रॅमची, नियमाची, हुकलेल्या पदकाची. एका रात्रीत दोन-अडीच किलो वजन काढणं म्हणजे शरीरातलं पाणी काढणं, आणि हे जगभरच्या कुस्तीत वर्षानुवर्षं चालत आलं आहे, ही बाजू मागे पडली. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत महिना-दीड महिन्याच्या अंतरात तीन महाविद्यालयीन पैलवान असं वजन उतरवताना मेले. त्यानंतर तिथले नियम बदलले, गरम खोलीत रबरी कपडे घालून घाम काढण्यावर बंदी आली. विनेशच्या धैर्याबद्दल मला शंका नाही. माझी तक्रार आहे ती खेळाडूंना स्वतःच्या वजनाखालच्या गटात कोंबणाऱ्या पद्धतीबद्दल.

मुलींच्या बाबतीत हीच गोष्ट दबक्या आवाजात घडते. लांब पल्ल्याच्या धावण्यात हलकं अंग फायद्याचं म्हणून जेवण कमी होतं, सराव वाढतो आणि काही महिन्यांत पाळी थांबते. कित्येकदा मुलीला आणि प्रशिक्षकालाही त्यात सुटल्यासारखंच वाटतं. खरं तर शरीराने सांगितलेलं असतं की खर्चाच्या मानाने जमा कमी आहे. पुढे हाडं ठिसूळ होतात, नडगीच्या हाडाला बारीक तडे जातात. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये या अवस्थेची व्याख्या विस्तारली आणि पुरुषांनाही ती होते हे मान्य केलं. जिल्हा पातळीवरच्या किती प्रशिक्षकांना हे शिकवलं गेलं आहे? मुलीने पाळीबद्दल पुरुष प्रशिक्षकाशी बोलावं कसं, याची वाट कोणी करून दिली आहे?

आणि लहान मुलांच्या बाबतीत तर महत्त्वाकांक्षा त्यांची नसतेच. मे २००६ मध्ये ओडिशात बुधिया सिंग नावाचा चार वर्षांचा मुलगा पुरी ते भुवनेश्वर असे ६५ किलोमीटर सात तासांत धावला आणि अखेरीस कोसळला. सरकारने त्याच्या लांब धावण्यावर बंदी घातली तेव्हा अनेकांना सरकार खलनायक वाटलं. माझ्या मते बंदी योग्यच होती. आपल्याकडे धरमतर ते गेटवे हे ३६ किलोमीटरचं समुद्रातलं अंतर लहान मुलं पोहतात, तेव्हा स्वागताला हार घेऊन जाण्याआधी आपणही विचारायला हवं की ‘बस’ म्हणण्याचा हक्क त्या मुलाला होता का.

आतापर्यंत मी हौस आणि पदक यांच्याबद्दल बोललो. महाराष्ट्रात सर्वांत जास्त तरुण मुलं-मुली ज्या कारणासाठी धावतात ते याहून निराळं आहे. पहाटे कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेरच्या रस्त्यावर जा. अंधारात टोळक्याने पळणारी पोरं दिसतात. ती भरतीची पोरं. जून २०१४ मध्ये मुंबईतल्या पोलीस भरतीत पाच किलोमीटरच्या धावण्यानंतर काही उमेदवार दगावले. आदल्या रात्री फुटपाथवर झोपलेली, धड न जेवलेली, उकाड्यात भर दिवसा पळालेली ही मुलं होती. पुढे अंतर कमी झालं. आता शिपाई भरतीसाठी मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. अंतर कमी झालं तरी ईर्ष्या तीच आहे, कारण एकेका जागेमागे उमेदवारांची रीघ असते आणि अर्ध्या सेकंदाने नोकरी जाऊ शकते. त्या धास्तीपोटी रक्तदाब वाढवणारी इंजेक्शनं टोचून घेण्याचा प्रकारही शिरला आहे. या मुलाला ‘शरीराचं ऐक’ असं सांगणं क्रूरपणाचं आहे. शरीराचं ऐकलं तर घरचं कोण ऐकणार? त्याच्यासाठी मर्यादा भरती घेणाऱ्यानेच आखली पाहिजे : सकाळची वेळ, रात्रीच्या मुक्कामाची सोय, प्यायला पाणी, मैदानावर डॉक्टर. चाचणी कडक असू दे. परिस्थिती जीवघेणी नको.

बाहेरून आखलेली रेष माणसाला कशी वाचवते, याचं उत्तम उदाहरण दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्स शर्यतीत सापडतं. १९२१ पासून चालत आलेली, डर्बन आणि पीटरमारित्झबर्ग यांच्या दरम्यानची ही सुमारे नव्वद किलोमीटरची शर्यत. अलीकडे आपल्याकडचे धावपटूही मोठ्या संख्येने तिथे जातात. मुदत बारा तासांची. मुदत संपायच्या क्षणी एक माणूस येणाऱ्या धावपटूंकडे पाठ करून उभा राहतो आणि बंदूक झाडतो. त्या क्षणी रेषेपासून एक पाऊल मागे असलेला माणूससुद्धा बाद. वाटेतही ठरावीक ठिकाणी ठरावीक वेळेत पोहोचला नाही तर बसमध्ये बसावं लागतं. पहिल्यांदा ऐकताना हे निर्दय वाटतं. पण यात धावपटूला स्वतःशी भांडावं लागत नाही. एव्हरेस्टवर दुपारी दोनची वेळ याच कारणाने ठरवलेली असते : शिखर कितीही जवळ असलं तरी दोन वाजले की मागे फिरायचं. १० मे १९९६ रोजी अनेकांनी ती वेळ ओलांडली, वर चढत राहिले, आणि वादळात आठ जण गेले.

थांबणं म्हणजे प्रत्येक वेळी सोडून देणंही नव्हे. जिम्नॅस्ट सिमोन बाइल्सने टोकियो ऑलिंपिकमध्ये, २०२१ साली, हवेत असताना शरीराचं भान सुटतं आहे हे ओळखून स्पर्धांमधून माघार घेतली. तिच्यावर टीकेचा भडिमार झाला. मानेवर पडली असती तर टीका करणारे मदतीला आले नसते. २०२४ मध्ये पॅरिसला तिने तीन सुवर्णपदकं जिंकली. आपली ललिता बाबर तर मला या बाबतीत आदर्श वाटते. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या, दुष्काळी भागातल्या मोही गावची ही मुलगी. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत सलग तीन वर्षं पहिली आली होती. त्याच वाटेने ती जात राहिली असती तर कोणी नावं ठेवली नसती. तिने ३००० मीटर स्टीपलचेसची वाट धरली, आशियाई स्पर्धेत पदक मिळवलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत दहावी आली. ट्रॅकवरच्या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारी भारतीय महिला १९८४ च्या पी. टी. उषानंतर थेट तीच. आपली ताकद कोणत्या अंतरात आहे हे थंड डोक्याने पाहणं, हेही मर्यादा ओळखणंच आहे.

मग हौशी माणसाने करायचं काय? शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी, डोकं थंड असताना, थांबायच्या अटी कागदावर लिहा. छातीत दडपण, जबड्यात किंवा डाव्या हातात कळ, चक्कर, अंगावर काटा येऊन घाम थांबणं, यांतलं एक जरी झालं तरी त्याच जागी थांबायचं. गेल्या दोन आठवड्यांत ताप येऊन गेला असेल तर धावायचंच नाही. काही विषाणू हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतात आणि अशा हृदयावर जोर देणं धोक्याचं असतं. तो कागद घरच्यांना आणि सोबत धावणाऱ्याला दाखवा, आणि मला ओढून बाहेर काढण्याचा हक्क तुला आहे, असं त्याला स्पष्ट सांगा. असा हक्क दिलेला जोडीदार म्हणजे आजचा वस्ताद.

आता सुरुवातीच्या त्या आकड्याकडे. हृदय बंद पडलेल्या धावपटूंतले मरणारे ७१ टक्क्यांवरून ३४ वर आले, याचं मुख्य श्रेय जागच्या जागी मिळालेल्या छातीदाबाला (सीपीआर) आणि हृदयाला विजेचा झटका देणाऱ्या यंत्रांना जातं. छातीदाब द्यायला डॉक्टर लागत नाही. शेजारी धावणारा माणूसही तो देऊ शकतो. महाराष्ट्रात आज गावोगावी धावगट आहेत. त्या प्रत्येक गटाला माझी विनंती आहे : या वर्षी एका रविवारी धावायला जाऊ नका. जवळच्या डॉक्टरांना बोलवा, सतरंजी अंथरा आणि गटातल्या प्रत्येकाने सीपीआर शिकून घ्या.